अंगठा

सुलक्षाने तारीख ठरवली, बाकी दोघींनी वर्गणी दिली.
"बाई, सगळ्या डिचोलीची मापं घेता,
एकदा समुद्राचं घ्या."
पंचावन्नाव्या वर्षी कुणी असलं काही भेट देतं का?
पण दिलं.

बायणाच्या किनाऱ्यावर कायतानने
एक काळा सूट माझ्या अंगाला लावून पाहिला
आणि म्हणाला, मीडियम.
मी गप्प राहिले.
बत्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय,
मला मीडियम म्हणणारा हा पहिलाच.
काखेत ओढत होता, पाठीची चेन हाती लागेना,
टाके मात्र निरखून घेतले:
आतून चिकटवून वरून घातलेले, सपाट.
शिवणाऱ्याला येत होतं.

बोटीत अर्ज. दम्याचा रकाना, रक्तदाबाचा रकाना,
खाली सही.
बेटाच्या आडोशाला नांगर पडला.
काचेवर थुंका, कायतान म्हणाला, चोळा, विसळा,
मग धुकं धरत नाही.
आणि मी जन्मभर पोरींना ओरडत आले
दोऱ्याला थुंकी लावू नका म्हणून.

नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, कान मोकळे होतात.
बोटांचा गोल म्हणजे ठीक.
अंगठा वर म्हणजे...
"कळ्ळें मूं बाय? भियेनाका."
मी मान हलवली,
गिऱ्हाईक गळ्याचा आकार समजावत असतं
तेव्हा हलवते तशी.

पहिला श्वास नळीतून आला,
कोरडा, रबराच्या वासाचा,
आणि माझाच आवाज मला ऐकू आला,
पायाच्या मशीनला तेल हवं असतं
तेव्हा येतो तसला.

पाच मीटर.
साडीहून अर्धा मीटर कमी, एवढंच.
तरी कान दोनदा अडले.
पाणी फोटोतल्यासारखं निळं नव्हतं,
पेजेसारखं होतं, हिरवट पेजेसारखं.
चार हातांपुढे काही नाही,
आणि त्या काही-नाहीतून एकदम
एक पिवळा मासा, काळ्या पट्ट्यांचा.
डावीकडचा पट्टा उजवीकडच्याला
पाठीवर बरोबर जुळलेला.
चेक्सच्या कापडावर हे जुळवायला
मी पोरींचे तीन महिने घेते.

खाली एक दगड, सगळा चुण्यांचा.
दगड नव्हे, जिवंत आहे म्हणे, हात लावायचा नाही.
त्यावर पिसांची एवढीशी टोपी.
माझी नुसती सावली पडली
तर नाडी ओढावी तशी
गप्पकन आत.

तेव्हा मला इतकं बरं वाटलं
की कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.
तोंडात नळी.
मी अंगठा वर केला.

आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे
जा, देत नाही.
आईचा शाईत बुडायचा, रेशनच्या दुकानात.
भाच्याच्या मोबाईलमध्ये तो सारखा उठलेला असतो,
कशालाही, कुणालाही.
इथे त्याचा एकच अर्थ होता
आणि कायतानने तो पाळला.
काही न विचारता
मला वर नेलं.

वर ऊन, डिझेलचा वास, उलटी करणारा एक नवरदेव.
"कितें जालें? कान दुखता?"
नाही रे, म्हटलं, छान वाटत होतं.
तो इतका हसला की बोटीवरचा पोरगाही हसला.
माझी टाकी तोवर दुसऱ्याच्या पाठीवर गेली होती.

उरलेला वेळ साध्या नळीने,
टायरच्या ट्यूबला धरून, पालथी, तरंगत.
वरून फक्त रंग हलायचे,
उलट्या बाजूने पाहिलेल्या छिटासारखे.
मान अवघडली. तरी बघत राहिले.

सोमवारी दुकानात
कुणाच्या तरी बाहीला चिमटा घेत होते,
तोंडात टाचण्या.
"बाई, कसं होतं समुद्राखाली?"
मी बोटांचा गोल केला.
सुलक्षाचा चेहरा पडला.
तिला वाटलं, शून्य.

टाचण्या काढायला
मी जरा वेळच लावला.